एका ट्रंकेचं आक्रमण

‘आक्रमण’ हा शब्द रंगवायला अगदी सोपा आहे. वर वेलांटी नाही, मात्रा नाही, खाली उकार नाही. ‘क्र’च्या पायातला तिरका फटकारा सोडला तर सगळी अक्षरं उभ्या दांड्यांची. शिरोरेघ ओढली की एकेक टांगत जायचं. लांबून वाचता येतो आणि लाल रंगात तर फारच उठून दिसतो. वीस-बावीस वर्षं मी बोर्ड रंगवले, भिंती रंगवल्या, टेम्पोंच्या मागच्या फळ्या रंगवल्या. पण हा शब्द एकदाही रंगवला नाही. एकदा रंगवायला सांगितला होता, तेव्हा नाही म्हणालो. माझ्यासारख्या घाबरट माणसाने आयुष्यात ठामपणे म्हटलेले जे दोन-तीन ‘नाही’ असतील, त्यातलं हे पहिलं. म्हणून लिहून ठेवतो.

मी लातूरच्या पलीकडचा, जवळजवळ कर्नाटकाच्या हद्दीवरचा. या शब्दाशी माझी गाठ सातवीतच पडली होती. इतिहासाच्या पेपरात मी लिहिलं होतं की आपल्या सैन्याने शेजारच्या मुलखावर आक्रमण केलं. मास्तरांनी तो शब्द लाल पेन्सिलीने खोडला, वर ‘स्वारी’ लिहिलं आणि पेपर माझ्या तोंडापुढे नाचवला.

“गाढवा, आक्रमण ते करतात. आपण स्वारी करतो. मोहीम काढतो.”

“पण मास्तर, आपण ज्यांच्यावर गेलो ते काय म्हणत असतील?”

त्यावर जी छडी बसली ती अजून आठवते. शाळा त्या छडीमुळे सुटली असं सांगायला मला बरं वाटतं, पण तसं काही नाही. हायस्कूल आठ किलोमीटरवर होतं आणि चांगलं अक्षर सोडलं तर शाळेला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आठवी अर्धी झाली नि मी घरी बसलो. पुढे अक्षरानेच पोटाला लावलं. नव्वदीच्या दशकात विरारला आलो तेव्हा फुलपाड्यात गाववाल्यांच्या खोलीवर उतरलो, सहा जणांत सातवा. दिवसा ब्रशची पिशवी घेऊन फिरायचं. त्या काळात वसईपासून विरारपर्यंत जिकडे बघावं तिकडे इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या आधी एक बोर्ड उभा राहायचा. कामाला तोटा नव्हता.

सांडोरला पहिल्यांदा गेलो तो एका पिठाच्या गिरणीचा बोर्ड रंगवायला. काम आटोपून निघालो तर घशाला कोरड पडलेली. रस्त्याच्या कडेला केळीची वाडी होती, आणि वाडीच्या फाटकाशी पडवळ-वांग्यांनी भरलेली टोपली पायाशी ठेवून एक बाई उभी होती. मी फाटकाबाहेरच चपला काढल्या.

“काकू, पाणी मिळेल का? मी आत आलो तर चालेल का?”

“पाणी मिळेल,” बाई म्हणाली. “आधी टोपलीला हात लाव.”

त्या गावची ती रीतच होती, हे मला नंतर कळलं. कोणी टोपलीशी उभं असलं, कोणी केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, खांद्यावर घ्यायला वाकलेलं असलं, तर जो कोणी जवळून जात असेल त्याने हात लावायचा. कोण, कुठला, कोणाचं ओझं, बोलणं आहे की भांडण आहे, हे त्या वेळी बघायचं नाही. दोन घरांत कोर्टकचेरी चालू असली तरी सकाळी एकाच्या टोपलीला दुसऱ्याचा हात लागायचा. देवळाकडचे असोत की चर्चकडचे, हात लावायला सगळे सारखे. मी टोपली उचलून त्यांच्या चुंबळीवर दिली. मग त्यांनी घरात हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं, कुठे राहतोस विचारलं, आणि सहा जणांत सातवा ऐकल्यावर म्हणाल्या, “आमची लोंगर पिकत घालायची जुनी खोली रिकामी आहे. वास येतो केळ्यांचा. चालेल?”

मला चालेल का, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आठवडाभरात मी पिशवी घेऊन आलो.

काका-काकूंच्या त्या वाडीत मी चार वर्षं एकटा राहिलो. पंपाखाली आंघोळ करायचो. बावखलात, म्हणजे वाडीतल्या त्या तळ्यात, ब्रश धुवायला मनाई होती, ती मी कधी मोडली नाही. मोडेन अशी भीतीच इतकी होती की तळ्याच्या बाजूने जाताना ब्रशची पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचो. खिळा ठोकायच्या आधी विचारायचो. दिवा उशिरापर्यंत लावू का विचारायचो. पडलेलं केळं उचलू का विचारायचो. काकांनी माझं नावच ‘चालेल-का’ ठेवलं होतं. “अगं, चालेल-का आला का?” असं ते काकूंना खुशाल माझ्यासमोर विचारायचे. मला राग यायचा नाही. परक्या मुलखात ज्याला टोपणनाव मिळालं, त्याचं निम्मं काम झालं असं मी मानायचो.

बायको गावी होती. मुलगी चार वर्षांची झाली. जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचं, तर काकूच एक दिवस म्हणाल्या, “आण आता दोघींना. बापाला दिवाळीत बघणारी पोर ती, मामा म्हणेल तुला. खोलीत चूल मी घालून देते.” मी तीनदा विचारलं, चालेल का, खरंच चालेल का. मग गावच्या दुकानात फोन लावून बायकोला निरोप दिला. मे महिन्यातला एक रविवार ठरला.

त्याच मे महिन्यात गाव तापलं होतं. ऊन होतंच, पण खरा ताप टँकरांचा होता. तिकडे इमारती झाल्या, माणसं राहायला आली, नळाला पाणी नाही. मग टँकरवाले गावांकडे वळले. एखाद्या विहिरीवर पंप बसायचा नि दिवसभर टँकर भरून जायचे. दोन-तीन उन्हाळ्यांत आसपासच्या विहिरी खाली गेल्या, काहींचं पाणी खारं झालं. केळीची पानं कडेने करपायला लागली. काका सकाळी उठून आधी बावखलात उतरणाऱ्या पायऱ्या मोजायचे. किती उघड्या पडल्या ते बघून चेहरा पाडून बसायचे. त्यांच्या रागात खोटं काही नव्हतं.

तर रविवार सहा दिवसांवर आलेला असताना, सोमवारी काकांनी एक कागद माझ्या हातात दिला. “गावाच्या तोंडाशी बोर्ड लावायचाय. मोठा. सगळे म्हणाले, तुझ्याच हातचं अक्षर हवं.”

मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. कागद गुरुजींच्या हातचा होता. गुरुजी म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक. निम्म्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला, त्यामुळे त्यांचा शब्द कोणी खाली पडू द्यायचं नाही. कागदावर दोन ओळी होत्या. ‘गावकऱ्यांनो, जागे व्हा!’ आणि खाली, ‘बाहेरच्यांचे आक्रमण थांबवा!’

पत्रा घासला, पांढरा हात मारला. वाळल्यावर सुतळी खडूत घोळवून ताणली आणि फटकारून रेघा पाडल्या. पेन्सिलीने पहिली ओळ बसवली. दुसऱ्या ओळीचा ‘बा’ काढला आणि हात थांबला. मी तसाच उठून काकूंकडे गेलो. त्या ओसरीवर अळूची पानं जुड्यांत बांधत बसल्या होत्या.

“काकू, बाहेरचे म्हणजे कोण?”

“ते रे, टँकरवाले. बिल्डिंगवाले.”

“बिल्डिंगीत राहायला येतात ते?”

“ते पण.”

“आणि मी?”

काकू खळखळून हसल्या. “तू? तू कसला बाहेरचा? आमच्या पंपाखाली आंघोळ करतोस. तुझं वेगळं.”

त्या मनापासून बोलल्या. त्यांच्या डोक्यात ते आलंच नव्हतं, आणि गुरुजींच्याही नसणार. गावाने बाहेरच्यांविरुद्धचा बोर्ड मोठ्या विश्वासाने बाहेरच्याकडेच रंगवायला दिला होता. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. पण रविवारी जी उतरणार होती, ती काही अजून कोणाच्या पंपाखाली आंघोळ केलेली नव्हती. तिचं काय? तिचंही वेगळं व्हायला किती वर्षं लागणार? आणि तोवर ती रोज माझ्याच अक्षराखालून येणार-जाणार?

मंगळवारी काम बुडवून वसई गावातल्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंना विचारलं, शब्दाचा अर्थ बघायचाय, पुस्तक मिळेल का, सभासद नाही, चालेल का. त्यांनी जाडजूड कोश काढून दिला आणि शब्द कुठला म्हणून विचारलं. मी कागदावर लिहून दाखवला.

“परीक्षा आहे का?” बाई म्हणाल्या.

“तसंच काहीसं.”

कोशात फार काही नव्हतं. सैन्य घेऊन चालून जाणं, शत्रूच्या मुलखात जोराने शिरणं, असा काहीसा अर्थ. मी दोनदा वाचला, मग माझं सैन्य मोजलं. एक बायको, एक मुलगी, एक ट्रंक. स्टोव्ह मी आधीच घेऊन ठेवला होता.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या व्हरांड्यात गाव जमलं. पंचवीस-तीस माणसं असतील. मी कोपऱ्यात उभा. तळहाताला इतका घाम की तो पँटीला पुसून पुसून कापड ओलं झालेलं. सकाळपासून मी मनातल्या मनात वाक्यं घोटत होतो, जशी पेन्सिलीची अक्षरं आधी बसवून बघतो तशी.

“पेंटर,” गुरुजी म्हणाले, “बोर्ड कुठाय?”

“पत्रा तयार आहे गुरुजी. मजकूर थोडा बदलू का? चालेल का?”

हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, “चालेल-का सुरू झाला!”

“बदलणार म्हणजे काय करणार?” गुरुजींनी विचारलं.

“टँकरचं आक्रमण लिहितो. बिल्डरचं लिहा म्हणालात तर तेही लिहितो. ‘बाहेरच्यांचं’ नाही लिहिणार.”

हसणं थांबलं. शब्द बाहेर पडला होता. तो परत आत घेता येत नव्हता.

“का रे?”

“मी बाहेरचा आहे.”

“अरे, तुझं वेगळं...”

“प्रत्येकाचं वेगळंच असतं, गुरुजी. त्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर जो राहतो त्याला जाऊन विचारा. त्याचंही वेगळंच निघेल.”

मागून एकाचा आवाज आला. त्याची वाडी काकांच्या वाडीला लागून होती. “मोठा आलाय! नायगावला तो बोर्ड कोणी रंगवला? ‘हिरव्यागार वाड्यांच्या कुशीत तुमचं घर’? तुझंच अक्षर आहे, मी ओळखतो.”

हे मात्र मी घोटून आणलं नव्हतं. “हो. माझंच आहे. त्यातलं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ साफ खोटं होतं, तेही मीच रंगवलं.”

दोघं-तिघं हसले. मी पुढे म्हणालो, “तेव्हा नाही म्हणायला जमलं नाही. आज जमतंय, तर म्हणू द्या.”

गुरुजी उठून उभे राहिले. “कितवी शिकलास तू?”

“आठवी. तीही पुरती नाही.”

“आणि मला शब्द शिकवतोस?”

“नाही गुरुजी. मला शब्द येत नाही म्हणूनच कोशात बघून आलो. सैन्य घेऊन शत्रूच्या मुलखात शिरणं, असं दिलंय. रविवारी माझी बायको यायचीय, मुलगी घेऊन. चार वर्षांची आहे. ट्रंक आहे एक. यात सैन्य कुठलं ते दाखवा, मी लगेच ब्रश उचलतो.” एकदा सुटलो ते थांबताच येईना. “आक्रमण करणारा पाणी मागत नाही. टँकरवाला मागतो का? तो पाइप टाकतो. मी मागितलं होतं. चपला फाटकाबाहेर काढून मागितलं होतं. काकूंना विचारा.”

काकू बायकांच्या घोळक्यात होत्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

गुरुजींचा आवाज खाली आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. “माझ्या विहिरीचं पाणी खारं झालंय. जन्मल्यापासून तेच प्यालो. परवा नातवाने तोंडात घेतलं नि थुंकलं. त्याला काय म्हणू मी, पेंटर? पाहुणचार?”

मी एवढंच म्हणालो, “ते ज्याने केलं त्याचं लिहा, गुरुजी. मोठ्या अक्षरात लिहा. रंग माझा, मेहनत माझी. पण माझ्या पोरीचं नाव त्यात घालू नका.”

ते काकांकडे वळले. “ऐकलंत? भाड्याने ठेवलेला माणूस गावाला शिकवतोय. माझं ऐका, ही खोली रिकामी करून घ्या. आणि बाहेरचा भाडेकरू कोणीच ठेवायचा नाही, असं आज ठरवून टाका.”

सगळे काकांकडे बघायला लागले. काका जमिनीकडे बघत होते. तसेच म्हणाले, “बघतो.”

घरी येताना मी काकांच्या दोन पावलं मागे चालत होतो. “काका, खोली सोडू का?” पुलाशी पुन्हा विचारलं. फाटकाशी पुन्हा विचारलं. शेवटी काका एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी लोंगर काढायचेत. लवकर ऊठ.” मग आत गेले. थोड्या वेळाने आतून दोघांचं भांडण ऐकू आलं. त्यांची घरातली बोली मला इतक्या वर्षांत अर्धीमुर्धीच कळायची. ती भरभर बोलली जात होती तेव्हा तर दोनच शब्द कळले, ‘पोरगी’ आणि ‘चूल’. पण चूल घालायची म्हणत होते की नाही घालायची, ते कळलं नाही.

शुक्रवारी लोंगर काढले आणि तडक फुलपाडा गाठला. जुन्या खोलीत आता नऊ जण झाले होते. बाई आणि लेकरू घेऊन तिथे उभंसुद्धा राहता आलं नसतं. परतताना एसटीडी बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला, बायकोला बोलावून घेतलं. धावत आली असणार, धापा टाकत होती.

“तिकीट काढलं की! काय झालं वो?”

मला सांगायचं होतं की येऊ नको. खोलीचा भरवसा नाही, मी तोंड उघडून बसलोय, आठ दिवस थांब. वाक्य ओठावर होतं.

“काही नाही,” मी म्हणालो. “वाटेत लागेल, पाणी जास्त घे.”

रिसीव्हर ठेवला तेव्हा भीती होतीच, पण तिच्याखाली काहीतरी टणकही होतं. मी काय चुकीचं केलं होतं? तिला काय म्हणून थांबवायचं? यायला नको होतं, असं तिने का ऐकायचं?

शनिवारी बोर्ड लागला. स्टेशनकडच्या एका पेंटरकडून घाईत करून आणला होता. गावाच्या तोंडाशी, बस थांबते तिथे, दोन बांबूंवर. मजकूर गुरुजींचाच, एक शब्द बदललेला नव्हता. मी थांबून बघितला. ‘म’ची गाठ सुटलेली, ‘ण’ शेवटी जागा न उरल्याने दाबून बसवलेला, शिरोरेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली. मला त्या अपमानातही कामाचाच राग जास्त आला. एवढ्या मोठ्या गावाने एवढं वाईट अक्षर लावावं!

शनिवारी दिवसभर काका-काकू माझ्याशी खोलीबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी विचारायचं थांबलो होतो. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि मला ते नको होतं. फक्त काकूंनी वाडीच्या कडेची माती खणून घमेल्यात भरली तेवढी बघितली. ती कशाला, हेही विचारलं नाही. बागेत माती हजार कामांना लागते.

रविवारी सकाळी वसई स्टेशनवरून दोघींना बसमध्ये घातलं. मुलगी खिडकीशी बसून प्रत्येक झाडाला “हे काय?” विचारत होती. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काहीतरी कळलेलं होतं. नाक्यावर उतरलो. कंडक्टरने आणि मी मिळून ट्रंक खाली ठेवली, बस निघून गेली, आणि आम्ही तिघं बरोबर त्या बोर्डाखाली उभे.

बायको दहावी पास. माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. तिने मान वर करून मोठ्याने वाचलं. “बाहेरच्यांचे आक्रमण थांबवा. अगं बाई! लढाई झाली का काय हितं?”

“झाली,” मी म्हणालो. “गुरुवारी.”

“कुणाकुणात?”

“माझ्यात आणि गावात.”

तिने बोर्ड पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनात. मग माझ्याकडे वळली. “हे आपल्याला म्हणत्यात?”

“हो.”

मला वाटलं ती रडेल, नाहीतर परत जाऊ म्हणेल. तिने पदर कमरेला खोचला आणि ट्रंकेची एक कडी धरली. “धरा दुसरी बाजू. किती लांब हाय?”

आम्ही ओढून बघितलं, ट्रंक हातभरही सरकेना. नाक्यावर चहाचं दुकान होतं. समोरच्या बाकावर चार-पाच माणसं बसली होती आणि मधोमध पेपर वाचत गुरुजी. त्यांनी आम्हाला बघितलं होतं. पेपर थोडा वर गेला. बाकीचेही चहात बघायला लागले. गावच्या रीतीप्रमाणे एव्हाना दोन हात पुढे यायला हवे होते. आले नाहीत. पण मान खाली घालायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. मी बाकाकडेच बघत उभा राहिलो.

तेवढ्यात वाडीच्या रस्त्याने खडखडाट ऐकू आला. लोंगर वाहायची दोन चाकांची हातगाडी ढकलत काका येत होते. गाडी रिकामी होती. रविवारी बाजाराला माल जात नाही.

गुरुजींनी पेपर खाली केला. “काय, स्वारी सकाळी सकाळी इकडे कुठे?”

काकांनी गाडी बरोबर बोर्डाखाली लावली. घाम पुसला. मग सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आक्रमण आलंय, गुरुजी. ट्रंक जड आहे. हात लावा.”

कोणी हसलं नाही. काका ट्रंकेवर वाकले, एक कडी धरली आणि तसेच वाकून राहिले. दुसऱ्या कडीला मी हात घातला तर त्यांनी डोळ्यांनीच मला दटावलं. मी मागे सरलो. एक म्हातारा माणूस ओझ्यावर वाकलेला आणि दुसरा समोर बसलेला, असं ते काही क्षण राहिलं. त्या गावात अशी गोष्ट कोणी कधी बघितली नसेल.

गुरुजी उठले. पेपरची घडी काखेत मारली. दोन पावलं आले आणि कडी धरली. ते कशाने उठले, मनाने की नुसत्या सवयीने, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. दोघांनी “हं” म्हणून ट्रंक उचलली आणि गाडीवर ठेवली. गाडी दणकन वाजली.

“दगड भरलेत का काय?” गुरुजी हात झटकत म्हणाले. कोणाला उद्देशून ते स्पष्ट नव्हतं.

“ज्वारीचं पीठ हाय,” बायको म्हणाली. “आन् खलबत्ता.”

“खलबत्ता कशाला आणायचा एवढ्या लांबून? इथे मिळत नाही?”

“मिळतो की,” ती म्हणाली. “पर माझा मिळत नाही.”

गुरुजींनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. जाऊन बाकावर बसले आणि पेपर उघडला.

पुढेही ते माझ्याशी त्या विषयावर बोलले नाहीत, आणि तो बोर्ड त्यांनी काढू दिला नाही. दोन पावसाळे तो तिथे होता. रंगाच्या खपल्या पडत गेल्या. मी रोज सकाळी सायकलवरून त्याच्याखालून जाताना घंटी वाजवायचो, काही कारण नसताना, आणि बाकावरून पेपर वर व्हायचा. भाडेकरू ठेवायचा नाही, हे मात्र त्या दिवसानंतर कोणी पुन्हा काढलं नाही. माझी मुलगी त्याच गावात वाचायला शिकली. काका-काकूंचं ऋण मी कुठल्या शब्दात सांगू, ते मला आठवीपर्यंत कोणी शिकवलं नाही आणि पुढेही सापडलं नाही.

त्या रविवारी काकांनी गाडीचा दांडा माझ्या हातात दिला. “चूल ओली आहे अजून,” ते म्हणाले. “आज आमच्याकडे जेवा. उद्यापासून तुमची पेटवा.”

“काका, चालेल ना...” मी सवयीने सुरुवात केली.

“आता गप ढकल.”

ढकलली. ट्रंक पुढे, ट्रंकेवर मुलगी, मागे आम्ही तिघं. बाकावरच्या सगळ्यांच्या देखत, त्या वाईट अक्षराखालून, गावात शिरलो.